पोटातल्या पट्ट्यांचा सुतार

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर पावसाळा सरता सरता घरोघरी लाकूड फुगलेले असते. दारे चौकटीत अडकतात, कपाटांचे खण उघडत नाहीत. अलिबाग किंवा मुरूडच्या एखाद्या घरात चार महिने भिंतीला टेकून राहिलेली गिटार अशा वेळी हाती घेतली, की एखाद्या सुराला तिच्या पोटातून झणझण ऐकू येते. बाहेरून सारे ठाकठीक असते. गोल छिद्रातून छोटा आरसा आणि दिवा आत नेल्यावरच दिसते, की वरच्या पातळ फळीला आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्यांपैकी एकीला तडा गेला आहे. शास्त्रीय गिटारीत या पट्ट्या किती, कुठे आणि किती बारीक असाव्यात याचा जवळजवळ कायमचा निवाडा ज्यांनी केला, ते अँतोनियो दे तोरेस मूळचे साधे सुतार होते.

दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया या बंदराच्या शहराजवळ १३ जून १८१७ रोजी त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयातच ते सुतारकाम शिकू लागले. १८३५ मध्ये लग्न झाले. पण संसाराला स्थैर्य कधी आले नाही. पाठीशी कर्ज होते. मुली झाल्या, त्यांतल्या काही बालपणीच गेल्या आणि १८४५ मध्ये पत्नीही क्षयाने गेली. त्यानंतर त्यांनी सेव्हिल गाठले. तिथे गिटारी बनवणाऱ्यांचा शेजार मिळाला आणि हुलियान आर्कास या नामवंत वादकाच्या आग्रहामुळे १८५०च्या दशकात त्यांनी याच कामाला वाहून घेतले. १८५८ मध्ये सेव्हिलच्या प्रदर्शनात त्यांच्या गिटारीला कांस्यपदक मिळाले. योगायोग असा, की त्याच शतकात आपल्या मिरजेतही शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगारांचे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले होते.

पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पट्ट्या तोरेस यांच्या आधीही स्पेनमध्ये वापरात होत्या. तोरेस यांनी गिटारीचा देह मोठा केला, वरची फळी पातळ आणि किंचित घुमटाकार केली आणि बहुधा सात बारीक पट्ट्यांवर तिला तोलून धरले. तारांचा ओढा फळीला सतत वाकवू पाहतो. पट्ट्या तो झेलतात. मात्र पट्टी जाड झाली की फळी थरथरत नाही आणि आवाज बसतो. बळ हवे, पण भार नको, हे तोरेस यांच्या कारागिरीचे सार होते. ते सिद्ध करण्यासाठी १८६२ मध्ये त्यांनी एक गिटार अशी बनवली, की तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या, फक्त वरची फळी लाकडाची. आवाजाचे गुपित त्या फळीत आणि तिच्या पट्ट्यांत आहे, हे त्यातून त्यांना दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

१८६९ मध्ये फ्रान्सिस्को तारेगा हा किशोरवयीन वादक त्यांच्याकडे गिटार घ्यायला आला. त्याचे वादन ऐकून तोरेस यांनी १८६४ मध्ये बनवलेली, स्वतःजवळ राखून ठेवलेली गिटार त्याला दिली, असे सांगितले जाते. पुढे हाच तारेगा गिटारवादनाचा मोठा गुरू ठरला. एवढा लौकिक मिळूनही तोरेस यांचे पोट गिटारीवर भरेना. आल्मेरियाला परतून त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान मांडले. १८७५च्या सुमारास ते पुन्हा गिटारींकडे वळले आणि १९ नोव्हेंबर १८९२ रोजी निधन होईपर्यंत काम करीत राहिले. आपली विद्या पुढे नेणारा शिष्य त्यांनी मागे ठेवला नाही. जी काही शिकवण उरली, ती त्यांच्या गिटारींच्या पोटात.

तडा गेलेली पट्टी दुरुस्त करताना आजही तीच शिकवण उपयोगी पडते. आधी तारा सैल करून ओढा उतरवावा लागतो. मग वाद्य काही दिवस माफक कोरड्या हवेत ठेवतात. ओल्या लाकडावरची जोडणी टिकत नाही. छिद्रातून हात घालून पातळ पात्याने किंवा बोटाच्या दाबाने सरस तड्याच्या तळापर्यंत पोचवतात, आतून टेकू देऊन किंवा क्लॅम्प लावून पट्टी घट्ट दाबतात, ओघळलेला सरस ओल्या फडक्याने पुसतात आणि पूर्ण एक दिवस तिला हात लावत नाहीत. नीट जुळलेला सांधा मूळ लाकडाइतकाच भक्कम होतो. अनेकदा भीतीपोटी शेजारी जाड लाकडाचा तुकडा ठोकून दिला जातो. गिटार मजबूत होते, पण मुकी होते. लाकडाचा काही भागच गळून गेला असेल, तर हलकी जोडपट्टी द्यावी, एरवी नाही.

जुन्या कारागिरांचा सरस जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा असे. उष्णता आणि ओल लागली की तो सुटतो, म्हणून दमट किनाऱ्यावर तो दगा देतो. पण त्याच गुणामुळे शतकानंतरही वाद्य न मोडता उघडता येते आणि पुन्हा जोडता येते. तोरेस यांच्या काही गिटारी आजही वाजतात, त्या यामुळेच. आपल्याकडच्या पावसाळ्यातली ती झणझण म्हणजे गिटारीचा शेवट नव्हे. जाणत्या हाताने वेळीच आत डोकवावे, एवढेच तिचे मागणे असते.