डेटाबेस येण्याआधीचा डेटा मॉडेलवाला: धनंजयराव गाडगीळ

आधी माझी चूक सांगतो. आमच्या किकवीतल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी छोटं ॲप बनवलं. दूध घालणारे एका टेबलमध्ये, पेंड उधारीवर नेणारे दुसऱ्या टेबलमध्ये. उधारी दुधाच्या पगारातून कापायची, म्हणजे दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे ॲपला कळायला हवं. मी ते मोबाइल नंबरवरून जुळवलं. पहिल्याच पगारात एका मावशींचे पैसे सुनेच्या पेंडीपायी कापले गेले. घरात फोन एक, खाती दोन!

कोडमध्ये चूक नव्हतीच. चुकलं होतं कन्सेप्च्युअल मॉडेल, म्हणजे डेटाबेसच्या आधी कागदावर काढायचा धंद्याचा नकाशा: यात कोण कोण आहे आणि कोणाचं कोणाशी काय नातं आहे. तो काढायला धंदा माहीत असावा लागतो. ते निस्तरताना मी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांबद्दल वाचत गेलो. त्यांच्या काळात कॉम्प्युटर नव्हता, पण आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं असं मला वाटतं.

गाडगीळ १९०१ साली नाशिकला जन्मले, नागपुरात वाढले, केंब्रिजला शिकले. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तक म्हणून आला. मग काही वर्षं सुरतच्या कॉलेजात प्राचार्य. १९३० मध्ये पुण्यात गोखले संस्था सुरू झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले, ते थेट १९६६ पर्यंत.

संस्थेच्या सुरुवातीच्या पाहण्यांचे विषय बघा. १९३३ मध्ये पुण्याचा फळांचा व्यापार, १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांची मोटारबस वाहतूक, १९४० मध्ये वाई तालुक्यातली शेती. किकवीहून निघून खंबाटकी ओलांडली की वाई तालुका येतोच. या पाहणीच्या नावातच तिचं एकक आहे: शेतीचा व्यवसाय. साधं वाटतं ना? पण आमच्याकडे एकाची जमीन चार ठिकाणी असते. त्यातला एक तुकडा भावाच्या नावावर, एक दुसऱ्याला वाट्याने दिलेला. सातबाऱ्याची एकेक ओळ म्हणजे एकेक शेतकरी धरला, तर एकच माणूस चारदा मोजला जाईल. धंदा हे एकक धरलं की नांगर, बैल, मजुरी, वाटा सगळं एका हिशेबात येतं.

मला सगळ्यात आवडतो तो प्रवरेचा भाग. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून सहकारी साखर कारखाना उभारला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले गाडगीळ. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि साखर कारखाना! १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. खासगी कारखान्यात ऊस घालणारा हा पुरवठादार. त्याला भाव कमी दिला की मालकाचा नफा वाढतो. सहकारी कारखान्यात मात्र ऊस घालणारा सभासदच मालक असतो. माणूस एक, भूमिका दोन. हे ज्याला माहीत नाही तो दोन टेबलं करणार, जशी मी केली.

१९६७ मध्ये ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचं 'गाडगीळ सूत्र' त्यांच्याच नावाचं. त्यात ६० टक्के वजन लोकसंख्येला होतं. १९६९ मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने बँकिंगसाठी जिल्हा हे एकक धरायला सुचवलं. आजची लीड बँक योजना त्यातूनच आली. ३ मे १९७१ रोजी, दिल्लीहून परतीच्या रेल्वेप्रवासात त्यांचं निधन झालं.

माझं ॲप? आता खातेदारांचं टेबल एकच आहे. दूध आणि पेंड हे त्याचे दोन प्रकारचे व्यवहार, आणि फोन नंबर फक्त मेसेज पाठवण्यापुरता. तो बदल करण्याआधी चार सकाळी केंद्रावर कॅन उचलत उभा राहिलो, तेव्हा हे कळलं. मावशींचे पैसे पुढच्या पगारात परत मिळाले. म्हैस नेमकी कोणाच्या खात्यावर लावायची, ते मात्र सासू-सुनेचं अजून ठरायचंय.