वारसांचा हिशेब मांडणारे ख्वारिझमी

रमजानमध्ये अनेक घरांत जकातीचा हिशेब होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशाचा चाळिसावा हिस्सा काढायचा, हे तोंडी जमते. मृत माणसाच्या मालमत्तेची वाटणी मात्र तोंडी जमत नाही, आणि तिथे चूक झाली तर भावाबहिणींत कायमची अढी बसते. बगदादच्या मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझमी यांनी बाराशे वर्षांपूर्वी ही अडचण हाती घेतली.

त्यांचा जन्म इ.स. 780 च्या सुमाराचा. नावावरून मूळ मध्य आशियातील ख्वारिझमचे. खलिफा मामून यांच्या काळात (813-833) ते 'बैतुल हिकमा' या विद्याकेंद्रात काम करीत. भारतीय अंकांवर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यांच्याच नावाच्या लॅटिन रूपावरून 'अल्गोरिदम' आला.

बीजगणितावरच्या त्यांच्या ग्रंथाच्या नावात 'जबर' आणि 'मुकाबला' हे दोन शब्द आहेत. वजा असलेली राशी दुसऱ्या बाजूला नेऊन तूट भरून काढणे म्हणजे जबर. मोडलेले हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द. दोन्ही बाजूंच्या सारख्या राशी उडवणे म्हणजे मुकाबला. आजच्या वहीतला 'क्ष' त्यात शोधूनही सापडणार नाही; सगळे शब्दांत, आणि अज्ञात राशीला नाव 'शै', म्हणजे वस्तू.

एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून 39, तर संख्या कोणती? त्यांनी चौरस काढला, त्याच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीच्या पट्ट्या जोडल्या. कोपरा रिकामा राहिला, पाच गुणिले पाच. तो भरला की 39 चे 64 झाले, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू 8. पाच वजा केले, उत्तर 3. सूत्र घोकण्यापेक्षा हे चित्र मुलांना लवकर समजेल.

ग्रंथाचा मोठा भाग मात्र वसीयत आणि वारसाहक्काचा आहे. एक बाई वारली. मागे नवरा, एक मुलगा, तीन मुली. शिवाय एका परक्या माणसाला मालमत्तेचा आठवा आणि सातवा हिस्सा मिळून देण्याची तिची वसीयत. ख्वारिझमींनी मालमत्तेचे 1120 भाग केले. परक्याला 300. उरलेल्या 820 पैकी नवऱ्याला चौथाई, 205. मुलाला 246, प्रत्येक मुलीला 123. एकही भाग शिल्लक नाही.

1145 मध्ये स्पेनमधील सेगोविया येथे रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी ग्रंथ लॅटिनमध्ये नेला. समीकरणे युरोपला पोहोचली. वारसांचा हा भाग भाषांतरात घेतलाच नव्हता.