रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी, १८८२ - १४ ऑक्टोबर, १९५३) हे गणिताचे प्राध्यापक, समाजसुधारक, संपादक आणि भारतातील संततिनियमनाच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र होत.

जीवन

कर्वे यांचा जन्म कोकणातील मुरूड येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आई राधाबाई यांचे निधन झाले. त्यांचे शिक्षण पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. गणिताच्या पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले होते. तेथून परतल्यावर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. परंतु संततिनियमनाच्या जाहीर प्रचारामुळे १९२५ साली त्यांना ही नोकरी सोडावी लागली. त्यांनी व पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. या कार्यात मालतीबाईंची त्यांना अखेरपर्यंत साथ लाभली.

संततिनियमन केंद्र

१९२१ साली कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असे केंद्र उघडले होते. त्या काळी लोकसंख्यावाढ हा भारतात चिंतेचा विषय नव्हता. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या किंचित घटली होती. त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत मात्र ती वाढतच गेली.

कर्वे यांचा भर देशाच्या लोकसंख्येपेक्षा व्यक्तीवर होता. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीच्या आरोग्याची हानी होते, मूल केव्हा व किती हवे हे ठरविण्याचा अधिकार तिला असावा आणि कामसुखावर स्त्रीपुरुषांचा सारखाच हक्क आहे, असे ते मांडत. महात्मा गांधी संततिनियमनासाठी ब्रह्मचर्याचा पुरस्कार करीत व कृत्रिम साधनांना विरोध करीत. कर्वे यांनी या भूमिकेवर सातत्याने टीका केली.

समाजस्वास्थ्य व खटले

जुलै १९२७ मध्ये कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले व मृत्यूपर्यंत चालविले. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग व विवाहसंस्था हे त्याचे प्रमुख विषय होते. शकुंतला परांजपे यांचे लेखनही त्यात प्रसिद्ध होत असे. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ साली कर्वे यांना १०० रुपये दंड झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली पुन्हा खटला चालला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तरीही २०० रुपये दंड झाला. १९३८ साली आंबेडकरांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला, पण तो फेटाळला गेला.

वारसा

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. पुढच्याच वर्षी कर्वे यांचे निधन झाले. शकुंतला परांजपे यांनी हे कार्य पुढे चालविले. कर्वे यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट दिग्दर्शित केला.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ इतका, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ या दराहून कमी आहे. लोकसंख्या त्यानंतरही काही दशके वाढते ती प्रामुख्याने प्रजननक्षम वयातील तरुणांचे प्रमाण मोठे असल्यामुळे; मुंबईलगतच्या शहरांत मात्र नोकरी व घरांसाठी होणाऱ्या स्थलांतराचाही परिणाम ठळकपणे दिसतो. २०११च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्या असलेला तत्कालीन ठाणे जिल्हा देशात पहिला होता. त्यातील एकट्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिका क्षेत्रात १२ लाखांहून अधिक लोक राहत होते.

जन्मदर घटला, तरी कुटुंबनियोजनाचा भार स्त्रियांवरच राहिला आहे. याच सर्वेक्षणानुसार राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण मात्र १ टक्क्याहूनही कमी आहे.