शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्रत्येक समाजासाठी वेगळं बोर्डिंग का काढलं?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस आहे. २६ जून १८७४ ला इथे कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्माला आले. पुढे जग त्यांना राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखू लागलं.

यशवंतराव जेमतेम तीन वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या. मार्च १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि दोनच वर्षांत वडील जयसिंगरावही वारले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण घेऊन परतलेल्या या मुलाने २ एप्रिल १८९४ ला, वयाच्या विसाव्या वर्षी, कारभार हाती घेतला.

महाराजांना स्वतःला वाडा होता, शिक्षक होते. संस्थानातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांचं काय?

अडचण फक्त फीची नव्हती

गावात चार बुकं शिकलेल्या मुलाला पुढे शिकायचं तर कोल्हापूर गाठावं लागे. पण शहरात राहायचं कुठे, जेवायचं कुठे? त्यात जात आडवी यायची. खालच्या मानलेल्या जातीच्या पोराला खोली कोण देणार आणि पंगतीला कोण बसवणार? म्हणजे शाळेचं दार उघडं असूनही पोरं गावीच राहायची.

१८९६ मध्ये महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह सुरू केलं. पण प्रत्यक्षात तिथे ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. बहुजन समाजातली मुलं तिथे टिकलीच नाहीत.

मग मार्ग बदलला

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच सुमारास जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा एकेका समाजाची भर पडत गेली.

पद्धत साधी होती. संस्थानाने जागा, इमारत आणि अनुदान द्यायचं. रोजचा कारभार त्या समाजातल्या लोकांनी पाहायचा. त्यामुळे वसतिगृह हे दरबाराचं दान न राहता समाजाचं स्वतःचं काम झालं.

याला जोड म्हणून १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव झाल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळेत सगळ्यांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला.

पण यातून जात घट्ट झाली नाही का?

हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो खोटा नाही. याच बोर्डिंगमधला एक किस्सा त्याच्या दोन्ही बाजू दाखवतो.

कुंभोजचा एक मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला तो गेला. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. त्याला आसरा मिळाला तो शाहू महाराजांकडे.

तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह सुरू केलं आणि त्याला नाव दिलं छत्रपती शाहू बोर्डिंग. १८९६ मध्ये कोल्हापुरात जे साधलं नव्हतं, ते साताऱ्यात एका छपराखाली उभं राहिलं.

ते पाहायला महाराज नव्हते. ६ मे १९२२ ला मुंबईत, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं होतं.

महाराष्ट्रात २६ जून हा सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. कोल्हापुरात दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर यातली काही बोर्डिंग आजही दिसतील. गावाकडून ट्रंक घेऊन आलेल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, ही गोष्ट त्या इमारतींच्या पायात आहे.