ज्या वेळचे त्या वेळी: संत इग्नेशियस लोयोला

दर वर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक आणि संत फ्रान्सिस झेवियर यांना आपल्या देशात पाठवणारे संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या आयुष्यात आपल्यासारख्या संसारी माणसांसाठीही एक धडा आहे. प्रत्येक कामाची एक नेमलेली वेळ असते, ही उपदेशकाच्या ग्रंथातली शिकवण या संताला फार कष्टाने शिकावी लागली.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतातील लोयोला येथे एका सरदार घराण्यात झाला. तेरा भावंडांत ते धाकटे. त्यांचे मूळ नाव इनिगो. तरुणपणी राजदरबारी थाटामाटात राहावे, तलवार गाजवावी आणि नाव कमवावे, एवढेच त्यांचे स्वप्न होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याशी लढताना तोफेचा गोळा लागला आणि त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नाही, एक टोक बाहेर आले. तंग बूट घालता यावेत म्हणून त्यांनी ते हाड करवतीने कापून घेतले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती.

मग आला सक्तीच्या विश्रांतीचा काळ. त्यांना शूरवीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या, पण घरात होते फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. नाइलाजाने त्यांनी तीच वाचली. दरबाराची स्वप्ने पाहताना मन सुखावते, पण नंतर कोरडे पडते; संतांसारखे जगण्याचा विचार केला की आनंद मागे टिकून राहतो, हे त्यांच्या ध्यानी आले. धावपळीच्या दिवसांत जे कधी कळले नसते, ते खाटेवर पडल्या पडल्या कळले.

१५२२ च्या मार्च महिन्यात मोन्तसेरातच्या मंदिरात त्यांनी रात्रभर जागरण केले आणि आपली तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली. पुढचे काही महिने मानरेसा गावी प्रार्थनेत आणि खडतर उपवासांत गेले. १५२३ साली ते जेरुसलेमला पोहोचले. प्रभूच्या भूमीतच आयुष्य काढायचे, असा त्यांचा निर्धार होता. पण तिथल्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्यांना परत जाण्याची आज्ञा केली. अवघ्या काही आठवड्यांत त्यांना माघारी फिरावे लागले.

आता काय करावे? लोकांच्या आत्म्यांची सेवा करायची तर शिकायला हवे, असे त्यांनी ठरवले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी हा माजी सरदार बार्सेलोना शहरात लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन व्याकरण घोकू लागला. इथे एक विलक्षण गोष्ट घडली. धडा पाठ करायला बसले की त्यांच्या मनात भक्तीचे गोड विचार दाटून येत आणि अभ्यास बाजूला राही. मिस्साच्या किंवा प्रार्थनेच्या वेळी मात्र असे काही होत नसे. तेव्हा त्यांनी ओळखले, की हे गोड विचारही मोहच आहेत. ते गुरुजींकडे गेले, सर्व सांगितले आणि मन लावून शिकण्याचे वचन दिले. मोह गेला. पुढे संघप्रमुख झाल्यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेच्या वेळेलाही मर्यादा घातली. अभ्यासाच्या काळात अभ्यास हीच देवाची सेवा, असे ते मानत.

आपल्या धर्मग्रामातही निरनिराळ्या ऋतूंत जगणारी माणसे आहेत. तान्ह्या बाळामुळे जिला शांतपणे रोझरी म्हणता येत नाही अशी आई आहे, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करणारी सून आहे, परीक्षेला बसलेली मुले आहेत. देवासाठी वेळच मिळत नाही, अशी खंत आपल्याला वाटते. अशा वेळी बार्सेलोनाच्या त्या बाकाकडे पाहावे. समोरचे कर्तव्य प्रेमाने करणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

१५२८ साली इग्नेशियस पॅरिसला आले. तिथे त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेले पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर त्यांचे सोबती झाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी मोंमार्त्र येथे व्रत घेतले. १५३७ मध्ये इग्नेशियस यांना गुरुदीक्षा मिळाली. पुन्हा जेरुसलेमला जाण्याची आस होती, पण तुर्कांशी युद्ध पेटल्याने जहाजच मिळाले नाही. मग त्यांनी स्वतःला पोपमहोदयांच्या हाती सोपवले. पहिल्या मिस्सासाठी ते दीड वर्ष थांबले. १५३८ च्या नाताळात रोममध्ये ती अर्पण केली. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे यांनी येशूसंघाला मान्यता दिली.

जग पायी तुडवणारे इग्नेशियस त्यानंतर मुख्यतः रोममध्ये, लिहिण्याच्या मेजापाशी राहिले. संघाची घटना लिहिली, हजारो पत्रे पाठवली. दूर जायची पाळी आता दुसऱ्यांची होती. १५४० साली भारतात जाण्यासाठी नेमलेले बोबादिया आजारी पडले, म्हणून झेवियर निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी झेवियर यांना परत बोलावणारे पत्र लिहिले. पण झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळ देवाघरी गेले होते. रोममध्ये ही बातमी अजून पोहोचली नव्हती.

३० जुलै १५५६ रोजी इग्नेशियस यांनी आपले चिटणीस फादर पोलान्को यांना पोपमहोदयांचा आशीर्वाद आणण्यास सांगितले. पोलान्को यांना टपाल रवाना करायचे होते. उद्या गेलो तर चालेल का, असे त्यांनी विचारले. आजच गेलात तर बरे, असे सांगूनही इग्नेशियस यांनी निर्णय त्यांच्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी प्राण सोडला. भोवती ना समारंभ, ना निरोप. तेव्हा संघात सुमारे एक हजार सभासद होते. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस आणि झेवियर या दोघा मित्रांना एकाच दिवशी संतपद बहाल झाले.

तरुणपणी प्रत्येक गोष्ट आपल्या वेळेवर व्हावी म्हणून हट्ट धरणारा हा माणूस शेवटी स्वतःच्या मरणाची वेळही देवावर सोपवू शकला. आपल्या आयुष्याचा आज जो ऋतू चालू आहे, तो कष्टाचा असो, आजारपणाचा असो की नुसत्या वाट पाहण्याचा असो, तो ओळखण्याची बुद्धी आणि त्यात विश्वासाने राहण्याचे बळ संत इग्नेशियस यांच्या मध्यस्थीने आपण प्रभूकडे मागू या.