कुस्तीगीर खाशाबा जाधव

अंगी बळ असणे ही एक गोष्ट, आणि ते बळ नियमांच्या मर्यादेत राहून पंचांसमोर सिद्ध करणे ही दुसरी. आमच्या भिवंडीसारख्या कष्टाळू शहरातील व्यायामप्रिय तरुणांस पहिली गोष्ट लवकर कळते. दुसरी कळावयास वेळ लागतो. हल्ली सर्वांच्या परिचयाचा झालेला बेंच प्रेस हा व्यायामप्रकारच घ्या. बाकावर उताणे निजावयाचे आणि वजनांचा दांडा वर ढकलावयाचा, एवढेच पाहणाऱ्यास दिसते. परंतु स्पर्धेत पंचाच्या आज्ञेवाचून दांडा खाली आणता येत नाही. तो छातीवर टेकून अगदी स्थिर झाला म्हणजे वर ढकलण्याची आज्ञा मिळते, आणि हात कोपरांत पूर्ण सरळ झाल्यावर तो जागी ठेवण्याची. मध्यंतरी कंबरेखालचा भाग बाकावरून उचलला गेला, किंवा आज्ञेपूर्वी दांडा हलला, तर सारा खटाटोप व्यर्थ. तीन पंचांपैकी निदान दोघांनी पांढरा दिवा दाखविला तरच ते वजन हिशेबात धरतात. बळ आणि नियम यांचे हे नाते ज्या महाराष्ट्रीय मल्लाच्या आयुष्यात ठळकपणे दिसून येते, त्या खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात 15 जानेवारी 1926 रोजी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित पैलवान होते. त्यांच्या पाच पुत्रांत खाशाबा सर्वांत धाकटे. तालमीची माती त्यांच्या अंगास लहानपणीच लागली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शालेय शिक्षण झाले व पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. शरीराने ते ठेंगणे होते. परंतु पायांची चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याच्या मानेस विळखा घालून त्यास उलथून टाकणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

सन 1948 मध्ये लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला, आणि खाशाबा प्रथमच समुद्रापलीकडे गेले. तेथे त्यांच्यापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. आपल्याकडील मातीच्या हौद्यात प्रतिस्पर्ध्यास चितपट केले की कुस्ती संपली. कोण जिंकला हे शेवटच्या प्रेक्षकासही कळते. तेथे मात्र माती नव्हती, मॅट होती. वजनाचे गट होते, वेळेचे बंधन होते, आणि कोणी चीत झाला नाही तर निकाल पंचांच्या मतांवर ठरत असे. जन्मभर मातीत घुमलेल्या मल्लाचे पाय त्या मऊ मॅटवर स्थिरावणेही कठीण. असे असता 52 किलोंच्या गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. या यशाने ते हुरळून गेले नाहीत. आपणास बळाची वाण नाही, मॅटच्या कुस्तीची सवय मात्र कमी आहे, हे त्यांनी ओळखले. आणि पुढील चार वर्षे ती उणीव भरून काढण्यात घालविली.

सन 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होण्याची वेळ आली, तेव्हा मद्रास येथील स्पर्धेत त्यांस एक गुण कमी पडला. हा निर्णय न्याय्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी हातघाईवर न येता पतियाळाच्या महाराजांकडे रीतसर दाद मागितली. फेरलढत ठरली, आणि ती जिंकून खाशाबांनी आपले म्हणणे मॅटवरच खरे करून दाखविले. आता प्रश्न उरला पैशाचा. गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी जमविली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यावर गुरूचा विश्वास असावा तर असा!

हेलसिंकीत खाशाबा 57 किलोंच्या गटात उतरले. कॅनडा व मेक्सिको येथील मल्लांस त्यांनी चीत केले. जर्मन मल्लाशी झालेल्या झुंजीत कोणीही चीत झाला नाही. तेथे तीन पंचांपैकी दोघांचा कौल खाशाबांच्या बाजूने पडला. त्यानंतर मात्र कसोटी आली. एक प्रदीर्घ लढत देऊन ते थकले असता त्यांस लगोलग रशियन संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह याच्याशी लढण्यास बोलावण्यात आले, असे सांगतात. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु त्या नियमावर बोट ठेवून भांडावयास एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. खाशाबा तसेच मॅटवर उतरले आणि पराभूत झाले. जपानच्या शोहाची इशी यास सुवर्णपदक, मामेदबेकोव्ह यास रौप्यपदक व खाशाबांस कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात लाभलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. असे दुसरे पदक मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले.

मायदेशी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने लोकांनी त्यांचे स्वागत केले. त्या जयघोषात खाशाबा आपले ऋण विसरले नाहीत. कुस्त्यांचे फड भरवून, त्यांत स्वतः लढून, त्यांनी पैसे जमविले व प्राचार्यांचे कर्ज फेडले. सन 1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. उतारवयात सरकारदरबारी त्यांची उपेक्षाच झाली. निवृत्तिवेतनासाठीही त्यांस झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी एका रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो निधनानंतर कित्येक वर्षांनी. आणि 2010 साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास त्यांचे नाव देण्यात आले.

नियम हे दुबळ्यांनी बलवंतांस घातलेले जोखड नव्हे. नियम आहेत म्हणूनच गोळेश्वरचा एक शेतकरीपुत्र परक्या देशांतील मल्लांशी बरोबरीच्या नात्याने उभा राहू शकला. पण नियम पाळणाऱ्यांइतकीच ते पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्यांचीही गरज असते. खाशाबांनी आपली बाजू पूर्ण केली होती. त्या दिवशी उणीव होती ती त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्या माणसाची. म्हणून विद्यार्थ्यांनी खाशाबांप्रमाणे आपली उणीव ओळखून ती भरून काढण्यास शिकावे, आणि पालकांनी स्पर्धेच्या दिवशी, पदक मिळो वा न मिळो, आपल्या मुलांच्या पाठीशी उभे राहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.