जमिनीवर कॅनव्हास अंथरणारा चित्रकार

चित्रकार म्हटला की घोडीवर लावलेला कॅनव्हास आणि समोर ब्रश घेऊन उभा असलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे येतो. जॅक्सन पोलॉकने ही रीतच मोडली.

त्याचा जन्म १९१२ साली अमेरिकेतील कोडी या गावी झाला. पाच भावांत तो धाकटा. न्यूयॉर्कला थॉमस हार्ट बेंटन यांच्या हाताखाली तो रीतसर शिकला. तेव्हा त्याला चित्र काढताच येत नव्हते असे कोणी समजू नये. १९४५ साली चित्रकर्ती ली क्रॅस्नर हिच्याशी विवाह झाल्यावर तो लाँग आयलंडवर राहावयास गेला. तेथील कोठारात १९४७ पासून त्याने कॅनव्हास जमिनीवर अंथरला, साधा इनॅमल रंग घेतला आणि काठीने, कडक झालेल्या ब्रशाने तो ठिबकावीत, शिंपडीत चारी बाजूंनी फिरू लागला. कधी त्यात वाळूही मिसळी. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटे. पण रंग किती पातळ हवा, हात किती वेगाने फिरवायचा, यावर त्याचा ताबा असे. मनातील खळबळ दाखविण्यास त्याला चेहरे लागत नसत. रेघेची धाव पुरे होई.

दारूचे व्यसन मात्र तरुणपणीच जडले होते. १९४८ च्या अखेरीपासून सुमारे दोन वर्षे त्याने ती सोडली. ‘ऑटम ऱ्हिदम’सारखी त्याची उत्तम चित्रे याच काळातली. पुढे दारू पुन्हा सुरू झाली, चित्रे कमी होत गेली. ११ ऑगस्ट १९५६ रोजी नशेत मोटार चालविताना अपघात होऊन तो वारला. वय अवघे ४४. गाडीतील एक तरुणीही प्राणास मुकली. तिचा काय अपराध होता?